एक नाव, अनेक रोग : कृषिज्ञानाच्या संगणकीय मांडणीतील पेच व त्यांची उकल

भातावर ‘करपा’ आला आहे, कोणती फवारणी करावी, हा प्रश्न खरीप हंगामात विस्तार कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो. अनुभवी कार्यकर्ता लगेच उत्तर देत नाही. तो आधी पान पाहतो. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी असलेले डोळ्याच्या आकाराचे ठिपके असतील तर तो बुरशीजन्य करपा असतो. पानांच्या कडा टोकाकडून खाली नागमोडी रेषेत पिवळ्या पडून वाळत असतील तर तो कडा करपा असण्याची शक्यता असते आणि हा रोग जिवाणूजन्य आहे. कापलेले पान स्वच्छ पाण्यात उभे धरल्यास दुधाळ स्राव बाहेर पडतो, या साध्या परीक्षेने शंका बरीचशी दूर होते. बुरशीनाशकाने जिवाणूजन्य रोग आटोक्यात येत नाही. त्यामुळे निदान चुकले तर औषध, मजुरी आणि हाती असलेले मोजके दिवस वाया जातात.

आता हाच प्रश्न भ्रमणध्वनीवरील सल्ला-प्रणालीला विचारला जाऊ लागला आहे. प्रणाली पान हातात घेऊन पाहत नाही. तिच्यात साठविलेल्या ज्ञानाची मांडणी जशी असेल तसे ती उत्तर देते. त्या मांडणीत ‘करपा’ हा एकच रोग म्हणून नोंदविला गेला असेल, तर उत्तर चुकणे अटळ आहे. अशा मांडणीच्या शास्त्राला संगणकक्षेत्रात ऑन्टॉलॉजी म्हणतात. एखाद्या विषयातील संकल्पना कोणत्या आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हे संगणकाला तर्क करता येईल इतक्या काटेकोरपणे लिहून ठेवणे म्हणजे ऑन्टॉलॉजी तयार करणे होय. हे काम करताना काही पेच पुन्हा पुन्हा उद्भवतात. त्यांची उकल करण्यासाठी जे ज्ञान लागते, त्यातील मोठा वाटा संगणकतज्ज्ञांकडे नसून शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ते यांच्याकडे आहे.

एस्प्लनेडच्या ग्रंथालयातील जुना प्रश्न

हा पेच संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. कोलकात्यातील मेटकाफ हॉल या इमारतीत एकोणिसाव्या शतकात कलकत्ता सार्वजनिक ग्रंथालय आणि भारतीय कृषी व उद्यानविद्या संस्था एकाच छताखाली नांदत होत्या. याच इमारतीत ३० जानेवारी १९०३ रोजी इंपीरियल लायब्ररी जनतेसाठी खुली झाली. १९२३ साली ती एस्प्लनेड भागातील शासकीय इमारतीत हलविण्यात आली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली तिला राष्ट्रीय ग्रंथालय हे नाव मिळाले आणि पुढे ते बेल्व्हेडिअर येथे स्थलांतरित होऊन १ फेब्रुवारी १९५३ रोजी तेथे वाचकांसाठी खुले झाले.

देशभरातील ग्रंथ जेथे एकत्र येतात तेथे एक प्रश्न रोज उभा राहतो. भाताच्या रोगांवरील पुस्तक कोठे ठेवावे? दशांश वर्गीकरण पद्धतीत ६३० हा कृषीचा, ६३२ हा पिकांवरील रोग व किडींचा आणि ६३३ हा शेतपिकांचा क्रमांक आहे. पुस्तक रोगांत ठेवले तर भाताचा अभ्यासक त्याला मुकतो, भातात ठेवले तर रोगतज्ज्ञ मुकतो. पुस्तकाला फळीवर जागा एकच असते, परंतु त्यातील विषयाला बाजू अनेक असतात.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणात यावर वेगळा मार्ग काढला. प्रत्येक विषयाची तयार जागा आधीच ठरविण्याऐवजी त्यांनी विषयाचे पैलू पाडले. पीक कोणते, त्यावर कोणती समस्या किंवा प्रक्रिया, प्रदेश कोणता, काळ कोणता, असे घटक वेगवेगळे नोंदवून ते जोडावयाचे. कोलकात्याहून प्रसिद्ध होऊ लागलेल्या भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीत दशांश क्रमांकासोबत कोलन क्रमांकही दिले जात. आजच्या ऑन्टॉलॉजीतील सर्वांत उपयुक्त धडा या विचारात बीजरूपाने आढळतो. एकच उतरंड रचून सर्व ज्ञान तीत कोंबू नये; स्वतंत्र घटक ओळखावेत आणि त्यांच्यातील नाती स्पष्ट करावीत.

ऑन्टॉलॉजीची भाषा

या भाषांचा पाया अगदी साधा आहे. प्रत्येक माहिती कर्ता, संबंध आणि कर्म अशा तीन पदांच्या विधानाने लिहिली जाते. ‘कडा करपा – रोगकारक – झान्थोमोनास ओरायझी’ हे असे एक विधान होय. या पद्धतीला आरडीएफ म्हणतात. तिच्यावर उभारलेली वेब ऑन्टॉलॉजी लँग्वेज, म्हणजेच ‘आऊल’, २००४ साली जागतिक वेब संघटनेची अधिकृत शिफारस ठरली. तिची दुसरी आवृत्ती २००९ साली आली. आऊलमध्ये वर्ग, उपवर्ग, परस्परांपासून पूर्णतः भिन्न वर्ग यांविषयी नियम लिहिता येतात आणि तर्कयंत्रणा त्यांवरून नवे निष्कर्ष काढते. संज्ञासूची व पर्यायी नावे यांच्यासाठी ‘स्कॉस’ ही तुलनेने सोपी पद्धत २००९ सालीच प्रमाणित झाली.

कृषी क्षेत्रात अन्न व कृषी संघटनेचा ‘अ‍ॅग्रोव्होक’ हा बहुभाषिक संज्ञाकोश १९८० च्या दशकापासून वापरात असून आज तो स्कॉस पद्धतीत उपलब्ध आहे. भारतात आयआयटी कानपूर, इक्रिसॅट आणि अन्य संस्थांच्या सहभागातून २००९ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅग्रोपीडिया’ने पिकांचे ज्ञान-आराखडे तयार केले. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या ‘आक्वा’ या प्रश्नोत्तर-प्रणालीत शेतकऱ्यांना मराठीतून प्रश्न विचारण्याची सोय होती. अशा सर्वच प्रयत्नांत पुढील सहा पेच कमीअधिक प्रमाणात समोर येतात.

पेच पहिला : नाव आणि संकल्पना यांची गल्लत

‘करपा’ हे एका रोगाचे नाव नसून पान करपल्यासारखे दिसण्याचे वर्णन आहे. भाताचा करपा, कांद्याचा जांभळा करपा, केळीचा सिगाटोका करपा, टोमॅटोचा लवकर येणारा करपा आणि बटाट्याचा उशिरा येणारा करपा यांचे रोगकारक निरनिराळे आहेत. उलटपक्षी एकाच संकल्पनेला अनेक नावे असतात. विदर्भात धान म्हणतात, कोकणात भात. शिवाय ‘भात’ हा शब्द शेतातील पिकालाही लागू होतो आणि ताटातील शिजलेल्या अन्नालाही.

शास्त्रीय नावे वापरली की हा प्रश्न सुटतो, असे समजणेही पुरेसे नाही. बंगालमध्ये १९४२ साली आमन भातावर तपकिरी ठिपक्यांच्या रोगाची मोठी साथ आली. पुढील वर्षी पडलेल्या भीषण दुष्काळात कोलकात्याच्या रस्त्यांवर भुकेल्या माणसांचे लोंढे आले. वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात चिन्सुरा व बांकुरा येथील भात संशोधन केंद्रांवरील १९४१ आणि १९४२ सालच्या उत्पादनांची तुलना करून या साथीची तीव्रता दाखवून दिली. या रोगाची बुरशी जुन्या साहित्यात हेल्मिंथोस्पोरियम ओरायझी या नावाने आढळते, नंतरच्या साहित्यात ड्रेक्स्लेरा ओरायझी आणि बायपोलॅरिस ओरायझी या नावांनी, तर तिच्या लैंगिक अवस्थेसाठी कॉक्लिओबोलस मियाबेअनस हे नाव येते. एकाच नावाने शोध घेणाऱ्याला इतर नावांखालील संशोधन सापडत नाही.

उकल अशी की, संकल्पनेला नावापासून स्वतंत्र असा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक द्यावा आणि सर्व नावे त्याला चिकटवावीत : प्रमाण नाव, पर्यायी नावे, बोलीतील नावे, जुनी शास्त्रीय नावे. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. त्याचबरोबर लक्षण, रोग आणि रोगकारक या तीन वेगळ्या संकल्पना मानाव्यात. शेतकरी जे सांगतो ते बहुधा लक्षण असते. रोग हा निदानाचा निष्कर्ष असतो. ही फारकत केलेली प्रणाली ‘करपा’ शब्द ऐकताच औषध सांगत नाही, तर ‘पीक कोणते, ठिपके पानाच्या मध्यभागी आहेत की कडेला’ असे उलट विचारते.

पेच दुसरा : प्रकार, भाग आणि घटक

जुन्या संज्ञाकोशांत ‘व्यापक’ आणि ‘संकुचित’ असे दोनच संबंध असत. त्यामुळे ‘दूध’ या संज्ञेखाली ‘गाईचे दूध’ आणि ‘दुधातील स्निग्धांश’ या दोन्ही संज्ञा सारख्याच नात्याने बसविल्या जात. वस्तुतः गाईचे दूध हा दुधाचा प्रकार आहे, तर स्निग्धांश हा दुधाचा घटक आहे. डॅगोबर्ट सोर्गेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अ‍ॅग्रोव्होकच्या पुनर्रचनेविषयी लिहिताना नेमक्या याच प्रकारच्या संदिग्ध नात्यांकडे लक्ष वेधले होते.

माणसाला यात फारशी अडचण येत नाही, कारण तो अर्थ सावरून घेतो. तर्कयंत्रणा मात्र उपवर्गाला वर्गाचे सर्व गुणधर्म लागू करते. भाताचे पान हे ‘भात’ या वर्गाचा उपवर्ग म्हणून नोंदविले, तर भाताला जसा पेरणीचा काळ असतो तसा पानालाही असतो, असा निष्कर्ष निघतो. यासाठी ‘प्रत्येक अ हा ब असतो का?’ ही कसोटी लावावी. प्रत्येक गाईचे दूध हे दूध असते. म्हणून ते उपवर्ग. प्रत्येक पान हे भाताचे रोप नसते. म्हणून तेथे ‘चा भाग आहे’ हा वेगळा संबंध वापरावा.

पेच तिसरा : स्थायी ओळख आणि तात्पुरती भूमिका

‘भात हे खरीप पीक आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात सहज खपून जाते. आता हाच नियम आऊलमध्ये ‘भात हा खरीप पिकांचा उपवर्ग’ असा लिहिला आणि खरीप व उन्हाळी हे वर्ग परस्परभिन्न आहेत, असेही नोंदविले, तर काय होईल? बंगालमध्ये भाताचे आउस, आमन आणि बोरो असे तीन हंगाम आहेत. बोरो भात हिवाळ्यात लावून उन्हाळ्यात कापला जातो. ही माहिती भरताच बोरो भात अस्तित्वातच असू शकत नाही, असा निष्कर्ष तर्कयंत्रणा काढते. यंत्रणेचा तर्क अचूक असतो. चूक मांडणीतील असते.

भात ही वनस्पतीची स्थायी ओळख आहे. खरीप पीक असणे ही विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट काळी तिने घेतलेली भूमिका आहे. ‘तण’ ही संकल्पनाही अशीच आहे. हरभऱ्याच्या शेतात आपोआप उगवलेला गहू तेथे तण ठरतो, शेजारच्या शेतात तोच पीक असतो. निकोला ग्वारिनो आणि ख्रिस वेल्टी यांनी विकसित केलेल्या ‘ऑन्टोक्लीन’ या तपासणी-पद्धतीत हा भेद केंद्रस्थानी आहे : जो गुण गमावल्यावर ती वस्तू तीच राहत नाही, तो स्थायी, जो गमावूनही वस्तू कायम राहते, ती भूमिका. स्थायी वर्गाला भूमिकेचा उपवर्ग करू नये, हा तिचा महत्त्वाचा नियम आहे. व्यवहारात ‘लागवड’ हा स्वतंत्र घटक मानून पीक, स्थळ, हंगाम आणि वर्ष त्याला जोडले की हा पेच सुटतो.

पेच चौथा : वर्ग की एकक?

इंद्रायणी हे वडगाव मावळ येथील केंद्रातून प्रसारित झालेले भाताचे लोकप्रिय वाण आहे. ‘वाण’ या यादीतील ती एक नोंद आहे. या अर्थाने इंद्रायणी हे एकक. परंतु शेतात उभी असलेली इंद्रायणीची हजारो रोपे ही तिची उदाहरणे आहेत. या अर्थाने इंद्रायणी हा वर्ग. बाजारात पोत्यावर लिहिलेले ‘इंद्रायणी’ हे तर तांदळाचे नाव असते आणि प्रत्येक पोत्यात तेच वाण असल्याची खात्री त्या नावाने मिळत नाही.

वाणाचा प्रसारणाचा तपशील, पैदासकार केंद्र, शिफारशीचा प्रदेश ही वाणाविषयीची माहिती आहे. रोपाची उंची, फुटव्यांची संख्या ही रोपांविषयीची. दोन्ही एकाच ठिकाणी मिसळल्यास ‘या रोपाची शिफारस अमुक प्रदेशासाठी आहे’ अशी निरर्थक विधाने तयार होतात. आऊलच्या २००९ सालच्या आवृत्तीत एकच नाव वर्ग म्हणूनही आणि एकक म्हणूनही वापरण्याची मुभा आहे; तर्कयंत्रणा मात्र त्या दोन्ही वापरांचा विचार वेगवेगळा करते. याहून सुरक्षित मार्ग म्हणजे वाण, बियाण्याचा लॉट, शेतातील रोपे आणि बाजारातील शेतमाल हे चार घटक वेगळे ठेवून त्यांना संबंधांनी जोडणे. बियाण्याबाबत तक्रार उद्भवल्यास दोष वाणाचा, लॉटचा की व्यवस्थापनाचा, हे शोधण्यास याच मांडणीची मदत होते.

पेच पाचवा : दोनांत न मावणारे नाते

तीन पदांच्या विधानात संबंध दोनच घटकांमध्ये जोडता येतो. शेतीतील शिफारस मात्र दोन घटकांत मावत नाही. पीक, रोग, औषध, मात्रा, पाण्याचे प्रमाण, फवारणीची अवस्था आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी हे सर्व मिळून एक शिफारस बनते. ‘औषध – नियंत्रित करते – रोग’ एवढेच विधान लिहिले आणि मात्रा औषधाला थेट जोडली, तर एका पिकासाठी असलेली मात्रा दुसऱ्या पिकासाठी दाखविली जाण्याचा धोका निर्माण होतो. द्राक्ष बागायतदारांना लेबल क्लेम आणि प्रतीक्षा कालावधी यांचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. एका चुकीच्या जोडणीमुळे मालात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळू शकतो आणि निर्यातीचा माल नाकारला जाऊ शकतो.

यावर जागतिक वेब संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात सुचविलेला उपाय सोपा आहे. नात्यालाच एक स्वतंत्र घटक बनवावे. ‘शिफारस क्रमांक अमुक’ असा घटक निर्माण करून पीक, रोग, औषध, मात्रा व कालावधी यांच्याशी त्याचे वेगवेगळे संबंध जोडावेत. कागदावरील तक्त्याची एक ओळ म्हणजे असा एक घटक, असे समजल्यास हे लगेच ध्यानात येते. पिकांच्या गुणधर्मांसाठी विकसित झालेल्या ‘क्रॉप ऑन्टॉलॉजी’तही प्रत्येक निरीक्षण गुणधर्म, मोजण्याची पद्धत आणि मापनश्रेणी यांच्या संयोगाने नोंदविले जाते. एका केंद्राने रोगाची तीव्रता टक्क्यांत आणि दुसऱ्याने ० ते ९ या श्रेणीत नोंदविली असेल, तर ‘तीव्रता ५’ या दोन नोंदींचा अर्थ एक नसतो.

बंगालच्या साथीची नोंदही याच कारणाने एका विधानात करता येत नाही. बुरशी, बळी पडणारे वाण, आमन हंगाम आणि त्या वर्षीचे ढगाळ, पावसाळी हवामान यांचा तो योग होता. दुष्काळाच्या कारणांत तर युद्धकाळातील धोरणे, भाववाढ आणि लोकांची घटलेली क्रयशक्ती यांचाही मोठा वाटा होता. ‘रोगामुळे दुष्काळ’ असे एकच नाते जोडणारी मांडणी इतिहासाशी आणि शास्त्राशीही प्रतारणा करते.

पेच सहावा : नोंद नाही म्हणजे नकार नाही

आऊलची तर्कपद्धती माहिती अपूर्ण आहे असे गृहीत धरते. एखादे विधान नोंदीत नसेल तर ते खोटे आहे असे ती मानत नाही. ते अज्ञात समजते. संशोधनासाठी ही भूमिका योग्य आहे. एखाद्या वनस्पतीवर किडीची नोंद नसणे म्हणजे ती कीड तेथे येतच नाही, असे नव्हे. परंतु औषधांच्या परवानगीबाबत व्यवहार नेमका उलटा असतो. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या मान्यतेत ज्या पिकाचा समावेश नाही, त्या पिकासाठी त्या औषधाची शिफारस करता येत नाही. तेथे नोंद नसणे म्हणजेच नकार.

तसेच दोन वेगळी नावे म्हणजे दोन वेगळ्या वस्तू, असेही आऊल मानत नाही. दोन व्यापारी नावांच्या औषधांत सक्रिय घटक एकच असू शकतो. ही माहिती स्पष्टपणे नोंदविलेली नसेल तर प्रणाली एकाच घटकाची लागोपाठ दुसरी फवारणी सुचवू शकते. त्यातून खर्च वाढतो आणि रोगकारकात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास हातभार लागतो. म्हणून सक्रिय घटक हा स्वतंत्र घटक ठेवून सर्व व्यापारी नावे त्याला जोडावीत. परवानगीच्या याद्यांसाठी ‘ही यादी पूर्ण आहे’ हे गृहीत धरणारी वेगळी तपासणी ठेवावी. २०१७ साली प्रमाणित झालेली ‘शॅकल’ ही भाषा अशा तपासणीसाठी उपयोगी पडते. प्रतीक्षा कालावधी न भरलेली शिफारस ती लगेच उघडकीस आणते.

विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांचा सहभाग

वरील उकली तांत्रिक वाटल्या तरी त्यांचा कच्चा माल शेतातूनच येतो. त्यासाठी पुढील बाबी उपयुक्त ठरतील.

१. रोग-किडीची स्थानिक नावे नोंदविताना पीक, गाव, तालुका आणि लक्षणाचे वर्णन सोबत लिहावे. केवळ नाव पाठविल्यास त्याचा अर्थ निश्चित होत नाही.

२. शेतकऱ्याने सांगितलेले लक्षण आणि तज्ज्ञाने केलेले निदान वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावे. पुढे निदान बदलले तरी मूळ निरीक्षण शाबूत राहते.

३. शिफारशीची नोंद तक्त्यातील पूर्ण ओळ म्हणून जपावी. मात्रा, पीक व प्रतीक्षा कालावधी एकमेकांपासून तोडून संदेशांत पाठवू नयेत.

४. औषधाच्या व्यापारी नावासोबत सक्रिय घटक व त्याचे प्रमाण आवर्जून लिहावे.

५. ‘माहिती नाही’ आणि ‘नाही’ या दोन उत्तरांसाठी नोंदवहीत वेगळी खूण ठेवावी. पाहणीच झाली नसेल तर रकान्यात शून्य लिहू नये.

६. सल्ला-प्रणालीचे उत्तर शेतातील निरीक्षणाशी जुळत नसल्यास पीक, वाण, हंगाम व छायाचित्र यांसह ते संबंधित कृषी विज्ञान केंद्रास कळवावे. अशा विसंगतीतूनच मांडणीतील चूक सापडते.

समारोप

ऑन्टॉलॉजीची भाषा कितीही समर्थ असली तरी करपा एक की अनेक, भात हे पीक की हंगामाची भूमिका, शिफारस कोणत्या पिकासाठी, हे ती स्वतः ठरवू शकत नाही. ते ठरविण्याचे काम त्या विषयाच्या जाणकारांचे आहे. चुकीच्या मांडणीची किंमत संगणक मोजत नाही. वाया गेलेल्या फवारणीत आणि नाकारलेल्या मालात ती शेतकऱ्याला मोजावी लागते. म्हणून प्रणाली तयार होत असतानाच तिच्यातील प्रत्येक संकल्पना बांधावर तपासून घेणे आवश्यक आहे. ‘करपा’ या शब्दाला लगेच औषध न सांगता आधी पान दाखवायला सांगणारी प्रणालीच विश्वासार्ह समजावी.